विंडोज ठेवून लिनक्स मिंट टाकताना

लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. एकाच संगणकावर दोन्ही ठेवायच्या असतील तर लिनक्स टाकण्यापूर्वीची तयारी विंडोजमध्येच करायची असते. आधी बॅकअप. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते तपासा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटची (संगणक सुरू होण्याची) मांडणी बदलली की विंडोज तीच मागते आणि ती नसेल तर डेटा गेला.

त्यानंतर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. हे फार जण विसरतात. तो चालू असला की शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलेच राहते आणि लिनक्समध्ये त्याचे ड्राइव्ह फक्त वाचता येतात, त्यांवर काही सेव्ह होत नाही.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. ५० जीबी तरी हवी. इन्स्टॉल करण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर पाहा.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते. टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड जोडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली मात्र आधीच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. तो जुना फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरेच दिसतात.