वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन आयरिश नृत्याचा प्रयोग पाहताना

खान्देशात आयरिश नृत्याचा प्रयोग लागण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यासाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. सोबत आई, वडील किंवा आत्या असतील तर प्रवासाची चिंता आधी सुरू होते, पण माझ्या मते पहिला विचार आसनाचा करावा. हे नृत्य कमरेच्या वरती जवळजवळ स्थिर असते आणि त्याची सारी करामत पावलांत असते. पावले दिसली नाहीत, तर चारशे किलोमीटरांचा आटापिटा वाया गेला असे समजावे.

नाटकाला पहिल्या रांगेचे तिकीट मिळाले की आपण धन्य होतो, पण तो हिशेब येथे उलटा पडतो. बऱ्याच नाट्यगृहांत पहिल्या दोन-तीन रांगांतल्या प्रेक्षकाची नजर रंगमंचाच्या कडेच्या जेमतेम पातळीवर येते आणि मागच्या ओळीतल्या नर्तकांचे बूट त्या कडेआड जातात. खालच्या मजल्यावर जिथून उतार चांगला सुरू होतो, त्या मधल्या रांगा सर्वांत उत्तम. पहिल्या बाल्कनीची पुढची रांगही चांगली. वीस-पंचवीस जणांची रांग एका क्षणी दुभंगते आणि पुन्हा जुळते, ते वरूनच नीट कळते. मात्र गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला बाल्कनीच्या उभट पायऱ्या अंधारात चढायला लावू नयेत. त्यांच्यासाठी खालचे, रांगेच्या टोकाचे आसन घ्यावे, म्हणजे मध्येच उठावे लागले तरी दहा जणांच्या गुडघ्यांवरून जावे लागत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या ग्रँड थिएटरमध्ये सुमारे २,००० आसने आहेत आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातील जमशेद भाभा नाट्यगृहात हजाराहून थोडी अधिक. एवढ्या मोठ्या सभागृहात मागचे स्वस्त तिकीट काढले, तर घरातली लहान दुर्बीण पिशवीत टाकावी.

तिकीट काढताना जाहिरातीत आणखी एक गोष्ट शोधावी, ती म्हणजे वादक प्रत्यक्ष मंचावर असणार आहेत की संगीत ध्वनिमुद्रित आहे. मोठ्या दौऱ्यांत कधीकधी पदरवसुद्धा आधी मुद्रित केलेला असतो, आणि त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण तीस जणांचे ठोके मोठ्या सभागृहात स्वच्छ ऐकू येणे कठीणच असते. तरी निवड करता येत असेल तर वादक असलेला प्रयोग निवडावा. व्हायोलिन, टिनची बासरी, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला बोधरान आणि कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायची इलियन पाइप्स समोर दिसली, की ढोलकी-संबळ ऐकत वाढलेला माणूस अर्धा तास त्यांच्याकडेच पाहत राहतो.

घरची तयारी एका संध्याकाळीच होते. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ हा सुमारे सात मिनिटांचा तुकडा सादर झाला. बिल व्हेलन यांचे संगीत आणि जीन बटलर व मायकल फ्लॅटली हे दोन प्रमुख नर्तक; हे दोघेही अमेरिकेत जन्मलेले. तो इतका गाजला की पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, त्याचा पूर्ण लांबीचा प्रयोग उभा राहिला. ही सात मिनिटे दूरदर्शन संचावर दाखवावीत. पूर्ण प्रयोग मात्र दाखवू नये, नाहीतर सभागृहात नवल उरत नाही. या तुकड्यात दोन प्रकारच्या पादत्राणांचा फरक स्पष्ट कळतो. सुरुवातीला मऊ, दोरी बांधायच्या चामडी बुटांतले हलके, तरंगते नृत्य येते आणि पुढे कडक बुटांचा गडगडाट.

आमच्या नानांना मी हा तुकडा दाखवला, तेव्हा त्यांनी नर्तकीकडे किंवा पोशाखाकडे पाहिलेच नाही. भुसावळच्या लोको शेडमध्ये जन्म काढलेला माणूस, त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, “ह्या जोडास्ले नाल ठोकेल शे का?” मग स्वतःच मान हलवली, हा आवाज लोखंडाचा नाही, असे त्यांचे मत पडले. ते बरोबर होते. पूर्वी तळव्याला खिळे ठोकत असत, परंतु आता या बुटांची टोके आणि टाचा फायबरग्लासच्या असतात, म्हणून ठोका कोरडा आणि टणक येतो. ज्या वडीलधाऱ्यांना ‘परदेशी नाच’ म्हटले की कंटाळा येईल असे वाटते, त्यांना पाहायला सांगण्याऐवजी आधी ऐकायला सांगावे.

ताल समजावताना आपल्याकडचा आधार घ्यावा. जिग, रील आणि स्लिप जिग हे या नृत्याचे प्रकार. जिग सहा मात्रांत, तीन-तीनच्या दोन गटांत चालते, त्यामुळे दादरा ओळखीचा असलेला हात मांडीवर आपोआप पडू लागतो. रील चारच्या चालीत धावते, तेव्हा केरवा धरावा. स्लिप जिग नऊची असते आणि परंपरेने स्त्रिया ती मऊ बुटांत करतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा हिशेब येथे चुकतो, तो चुकू द्यावा. प्रयोग चालू असताना कानात सतत कुजबुजण्यापेक्षा हे गाडीतच सांगून टाकलेले बरे.

हात सरळ खाली का ठेवतात, हा प्रश्न शंभर टक्के येणार. याविषयीच्या कहाण्या पुष्कळ आहेत आणि पुरावा थोडा. एवढे सांगता येते की १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगने आयरिश भाषेबरोबर नृत्यालाही शिस्त लावली, त्यानंतर स्पर्धा वाढल्या आणि ताठ धड व स्थिर हात हा नियमच होऊन बसला. शॉन-नोस या जुन्या, मोकळ्या प्रकारात हात आजही सैल सुटतात. ज्यांनी अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहिली आहे, त्यांना कंबर आणि घुंगरू एकत्र हलण्याची सवय असते. त्यांना आधीच सांगावे की येथे वरचा देह मुद्दाम गप्प ठेवला आहे.

टाळ्यांबाबत थोडे कठोर व्हावे. वाद्ये थांबून केवळ बुटांचा संवाद सुरू होतो, तेव्हा शेजारचे लोक ठेक्यावर टाळ्या धरतात. आपण धरू नयेत, कारण ऐकायचे तेच बुडते. सगळे पाय एका ठोक्यावर थांबले की मग मनसोक्त वाजवाव्यात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा आवाज सुरुवातीलाच कमी करावा. धूर आणि लखलखते दिवे असतील का, याची चौकशी नाट्यगृहाकडे आधी करावी.

बाकी व्यवस्था आपल्याला नवी नाही. जळगावहून मुंबई सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. नंदुरबारकरांना सुरतमार्गे जाता येते, तर धुळेकरांपैकी अनेकजण चाळीसगावला गाडी धरतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून प्रयोगाचे तिकीट हाती येताच परतीचेही काढावे. कळण्याची भाकरी आणि ठेचा आत नेता येत नाही, तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जेवूनच निघावे. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या माणसाला वातानुकूलित सभागृहात हुडहुडी भरते. शाल विसरू नये. प्रयोग मध्यंतर धरून साधारण दोन तासांचा असतो, तरी रात्रीची गाडी दीड-दोन तासांचे अंतर ठेवूनच निवडावी. वांद्रे-कुर्ला संकुलात प्रयोग असेल, तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी गाडी सोयीची पडते. पडदा पडल्यावर दारात लोटालोट होते, तेव्हा वडीलधाऱ्यांना आसनावरच बसू द्यावे, तोवर आपण टॅक्सी बोलवावी.