पोर्टिंग करताय? आधी जुनी फाइल उघडून बघा

विंडोजवरचं सी++मधलं ॲप्लिकेशन लिनक्स आणि मॅकवर न्यायचं काम अंगावर पडलं, की बहुतेक जण खिडक्या आणि बटणांपासून सुरुवात करतात. क्यूट (एकाच कोडमधून तिन्हीकडच्या खिडक्या बनवणारी लायब्ररी) वापरलं तर तो भाग कंटाळवाणा आहे, अवघड नाही. मेनू दिसला, डायलॉग उघडला, की काम उरकल्यासारखं वाटतं. इथेच घात होतो.

सापळा असतो वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सेव्ह केलेल्या फायलींत. जुन्या कोडमध्ये अख्खा स्ट्रक्ट (एका नोंदीची सगळी फील्ड एकत्र ठेवणारा साचा) एफराइट या फंक्शनने मेमरीतून जसाच्या तसा डिस्कवर ओतलेला सापडतो. समजा त्यात प्रकारासाठी एक कॅरेक्टर, क्रमांकासाठी लाँग (पूर्णांक) आणि रकमेसाठी डबल (दशांश संख्या) आहे. ६४-बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा. म्हणजे कॅरेक्टर १, पॅडिंग (पुढचं फील्ड योग्य जागी यावं म्हणून कंपायलरने सोडलेले रिकामे बाइट) ३, लाँग ४, डबल ८, एकूण १६. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर लाँग ८ बाइटचा आणि त्याला ८च्या पटीतली जागा लागते, म्हणून पॅडिंग ७ होतं आणि बेरीज २४वर जाते.

आता १०० नोंदींची १६०० बाइटची फाइल लिनक्सवर वाचा. ६६ नोंदी मिळतात, १६ बाइट उरतात. पहिल्या नोंदीचा प्रकार बरोबर येतो, म्हणून संशय येत नाही. पण क्रमांकाच्या जागी रकमेचे बिट आलेले असतात आणि रकमेच्या जागी पुढच्या नोंदीचा प्रकार नि क्रमांक. कंपायलर चकार शब्द काढत नाही, प्रोग्रामही कोसळत नाही. वापरणाऱ्याने त्यावर सेव्ह दाबलं की मूळ फाइल गेली.

‘प्रॅग्मा पॅक १ लाव, होईल’ असं सांगणारा एखादा सीनियर भेटतोच. ही कंपायलरला पॅडिंग न घालण्याची सूचना. ऐकू नका. त्याने विंडोजवर १३ बाइट होतात, लिनक्सवर १७. जुळत तर नाहीच, वर जुन्या फायली विंडोजवरही वाचता येईनाशा होतात.

स्ट्रक्ट थेट वाचायचाच नाही. प्रत्येक नोंदीचे १६ बाइट बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) घ्या आणि शून्य, ४ आणि ८ या ऑफसेटवरून, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीपासून तितक्या बाइटांवरून, एकेक फील्ड उचला. क्रमांकाला लाँग नको, ३२ बिटांचा ठरावीक इंटिजर घ्या. फाइल बायनरी मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये विंडोजला २६ किमतीचा बाइट दिसला की फाइल संपली असं वाटतं.

घाबरू नका, अशा जागा मोजक्या असतात. कोडमध्ये एफराइट, एफरीड (फाइल वाचणारं फंक्शन) आणि साइझऑफ (आकार सांगणारा शब्द) शोधलंत की बहुतेक हाती लागतात.

नोंदीत नावंही असतील तर त्यांचं मात्र वेगळं बघा. त्यांसाठी वापरलेलं वाइड कॅरेक्टर (इंग्रजीबाहेरची अक्षरं मावणारा प्रकार) विंडोजवर २ बाइटचं, लिनक्स-मॅकवर ४. त्यावर वैतागून कुणी फील्ड ३२ बाइटांचं यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत) करतं. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर, काना-मात्रा किंवा हलन्त यांचा युनिकोडमधला क्रमांक) तिथे ३ बाइट खातो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० कोडपॉइंट आहेत, म्हणजे ३० बाइट. मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून तो कसाबसा मावतो. ‘महाराष्ट्रात’ मावत नाही, आणि नुसता बाइट मोजून कापला तर शेवटचं अक्षर अर्धवट तुटतं. नव्या फॉरमॅटमध्ये आधी लांबी लिहा, मग मजकूर.

चाचणीसाठी खऱ्या जुन्या फायली मागून घ्या, स्वतः बनवलेल्या नकोत. लिनक्सवर उघडा, सेव्ह करा, पुन्हा विंडोजवर उघडा. बाइट-बाय-बाइट तुलनेत प्रत्येक नोंदीत त्याच ३ बाइटांचा फरक दिसला तर दचकू नका: पॅडिंगमध्ये मेमरीतला कचरा असतो. तुलना फील्डनुसार करा.

बाकीचं पटकन. लिनक्सवर फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, मॅकवर सहसा नाही. म्हणून मॅकवर चाललेला आयकॉन लिनक्सवर गायब होतो. लिनक्सची बिल्ड तुम्हाला चालवायच्या असलेल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वितरणावर) करा, नाहीतर तिथे जी-लिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून ॲप्लिकेशन सुरूच होणार नाही. मॅकसाठी साइनिंग (ॲप्लिकेशनवर डिजिटल सही) आणि नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी) पहिल्याच आठवड्यात करून बघा. रिलीजच्या आदल्या रात्री ते शिकता येत नाही.