पोटाच्या बायपासनंतर घरी आलात की

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं 10 मिलीचं मापाचं झाकण धुऊन ठेवा. सुरुवातीला तेच तुमचं ताट. वजन कमी करण्याच्या या ऑपरेशनमध्ये जठराच्या वरच्या भागाची जेमतेम 30 मिलीची पिशवी करतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. म्हणजे तीन झाकणांत पोट भरलं. (भेटायला येणारे हृदयाचा बायपास समजतात, त्यांना नीट सांगा.)

पहिले दोन आठवडे मी पातळावरच होते. मूग शिजवून, घोटून, सुती फडक्यातून गाळायचे, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. एक झाकण प्यायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरं. घाई केली की छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं दुखायचं. पुढे घोटलेलं, मग मऊ. तुमच्या डॉक्टरांचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा.

जेवताना पाणी अजिबात नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही. सासूबाई सवयीने ताटाशेजारी तांब्या ठेवायच्या. मी तो उचलून ओट्यावर ठेवायचे. पाणी दिवसभर घोटघोट प्या.

ताटात आधी अंडं, मासा, पनीर किंवा डाळ. भाकरी शेवटी, जागा उरली तर. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात मिळतात सहा, एवढा हिशेब डोक्यात असू द्या.

गोडाचं मात्र मनावर घ्या. चौथ्या महिन्यात शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा मी दोन चमचे खाल्ला. वीस मिनिटांत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ. त्यांच्याच पलंगावर आडवं व्हावं लागलं. साखर एकदम आतड्यात उतरते, त्याला डॉक्टर डंपिंग म्हणतात. आता मी प्रसाद चिमूटभर घेते आणि कुणी आग्रह केला तर हात जोडते.

बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. मी लोह सकाळी घेते, कॅल्शियम दुपारी आणि रात्री.

गुडघे दुखले म्हणून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, जोडाच्या जागी अल्सर होतो. दातांच्या डॉक्टरांनाही हे आधी सांगा. माझ्या चिठ्ठीवर एकदा तसली गोळी आली होती. दुकानात नाव वाचलं म्हणून कळलं.

पोटात जोराची कळ, ताप, न थांबणारी उलटी, किंवा स्वस्थ बसूनही नाडी जोरात चालत असेल तर सकाळची वाट पाहू नका. सर्जनचा नंबर फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.