या चुका टाळा: व्हीकॅप डिझाइन परीक्षेची तयारी

एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या डिझाइन परीक्षेत अडकणाऱ्यांत माझ्या पाहण्यात नवखे कमीच असतात. अडकतात ते वर्षानुवर्षं ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारे सर्व्हर, सांभाळलेले, रात्री दोनला फोन आला तरी उठून क्लस्टर (होस्टचा गट) पूर्वपदावर आणणारे लोक. व्हीसीपी, म्हणजे आधीच्या पातळीची परीक्षा, त्यांनी सहज काढलेली असते. मग व्हीकॅपचा, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्रोफेशनल पातळीचा, डिझाइनचा पेपर देतात आणि निकाल पाहून चक्रावतात. माहिती कमी पडलेली नसते. ग्राहकाने काय मागितलंय हे ओळखून त्याला जुळणारा निर्णय निवडायचा असतो, आणि ते मात्र आपल्या ऑफिसात जे चालतं तेच बरोबर धरून उत्तर देतात. खालच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून येतात.

प्रश्नातली वाक्यं सरसकट वाचणं

डिझाइनच्या प्रश्नात आधी ग्राहकाची हकिगत असते. त्यातलं प्रत्येक वाक्य चारपैकी एका खणात जातं: रिक्वायरमेंट (मागणी), कन्स्ट्रेंट (बंधन), अझम्प्शन (गृहीतक), रिस्क (धोका). हे चार शब्द सगळ्यांना पाठ असतात. तरीही प्रत्यक्ष हकिगत समोर आली की गल्लत होते. सरावासाठी मी तयार केलेली ही एक हकिगत बघा:

"एका विमा कंपनीला दुसऱ्या डेटा सेंटरची भर घालायची आहे. क्लेमच्या नोंदींपैकी एकही गमावता कामा नये. कंपनीकडे व्हीस्फिअर स्टँडर्डचे परवाने आहेत आणि यंदा नवे परवाने घेतले जाणार नाहीत. दोन्ही साइटमधली लिंक सहा महिन्यांत वाढवून देऊ, असं नेटवर्क टीमने सांगितलं आहे. स्टोरेज बघणारा माणूस एकच आहे."

एकही नोंद गमावायची नाही, ही रिक्वायरमेंट. त्यातून आरपीओ, म्हणजे किती डेटा गमावला तर चालेल ती मर्यादा, शून्य; म्हणून सिंक्रोनस रेप्लिकेशन, म्हणजे दोन्ही साइटवर नोंदला गेल्यावरच राइट पूर्ण धरणं, ओघानेच आलं. परवान्यांचं वाक्य हे कन्स्ट्रेंट, आणि ते दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे. व्हीस्फिअर हे व्हीएमवेअरचं मुख्य सॉफ्टवेअर. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत एचए (होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे सुरू करणं) आणि व्हीमोशन (चालती व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) मिळतं, पण डीआरएस (होस्टमध्ये भार आपोआप वाटणं) नाही आणि डिस्ट्रिब्युटेड स्विचही (सगळ्या होस्टचा सामायिक नेटवर्क स्विच) नाही. म्हणजे ज्या पर्यायात डीआरएसचे नियम, नेटवर्क आयओ कंट्रोल किंवा फिजिकल एनआयसीच्या (नेटवर्क कार्डच्या) लोडनुसार ट्रॅफिक वाटणं आलं, तो पर्याय एरवी कितीही सुंदर असला तरी इथे बाद. अनुभवी माणूस नेमका इथेच घसरतो, कारण त्याच्या ऑफिसात एंटरप्राइझ प्लस ही वरची आवृत्ती असते आणि डीआरएस त्याला गृहीतच वाटतं.

लिंकबद्दलचं वाक्य हे अझम्प्शन. नेटवर्क टीमने शब्द दिलाय, लिंक अजून आलेली नाही. पडताळून न पाहिलेल्या प्रत्येक अझम्प्शनला एक रिस्क चिकटून येते. इथे ती अशी की लिंक वेळेत वाढली नाही तर सिंक्रोनस रेप्लिकेशनमुळे प्रत्येक राइट रखडेल आणि क्लेमचं अॅप्लिकेशन मंदावेल. एकच स्टोरेज माणूस असणं ही उघड रिस्क, आणि तिचा परिणाम डिझाइनवर व्हायला हवा: दोन वेगवेगळ्या बनावटीचे स्टोरेज अॅरे आणून त्याच्या डोक्यावर आणखी भार टाकू नका.

सराव करताना प्रत्येक हकिगतीतल्या वाक्यांसमोर पेन्सिलने आर, सी, ए, के असं लिहित जा. के म्हणजे रिस्क, कारण आर आधीच रिक्वायरमेंटला गेला. त्याच्या शेजारी अव्हेलेबिलिटी, मॅनेजेबिलिटी, परफॉर्मन्स, रिकव्हरेबिलिटी, सिक्युरिटी यांपैकी कोणत्या गुणाशी ते जोडलेलं आहे तेही लिहा. थोड्या दिवसांनी पेन्सिल लागणार नाही.

लॉजिकलमध्ये फिजिकल मिसळणं

कन्सेप्च्युअल, लॉजिकल, फिजिकल या डिझाइनच्या तीन पातळ्या. लॉजिकलमध्ये कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, व्हीलॅन क्रमांक, आयपी पत्ता यातलं काही येत नाही. "दोन स्वतंत्र मार्गांनी जोडलेलं ब्लॉक स्टोरेज" हे लॉजिकल, आणि "व्हीएमएचबीए१ पहिल्या फॅब्रिकवर, व्हीएमएचबीए२ दुसऱ्या फॅब्रिकवर" हे फिजिकल. इतकं ध्यानात ठेवलं तर या भागाचे मार्क सहसा जात नाहीत.

"हायेस्ट अव्हेलेबिलिटी" वाचलं की सगळं चालू करणं

९९.९९ टक्के अव्हेलेबिलिटी म्हणजे वर्षाला सुमारे ५२ मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. होस्ट पडल्यावर एचए व्हीएम दुसरीकडे सुरू करतं, त्यात काही मिनिटं जातात, आणि वरच्या दोन्ही आकड्यांत ती मिनिटं सहज मावतात. मग फॉल्ट टॉलरन्स, म्हणजे दुसऱ्या होस्टवर सतत चालणारी व्हीएमची जुळी प्रत, कशाला? त्यासाठी वेगळं नेटवर्क लागतं, दुप्पट मेमरी लागते, आणि एवढं करूनही अॅप्लिकेशन आतून कोसळलं तर उपयोग शून्य, कारण दुसरी प्रत त्याच क्षणी तशीच कोसळते.

याची दुसरी बाजूही विचारली जाते. क्षणाचाही खंड चालणार नाही अशी मागणी आहे आणि व्हीएमला १२ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) लागतात. फॉल्ट टॉलरन्सची मर्यादा एंटरप्राइझ प्लसमध्येही ८ व्हीसीपीयूची आहे. म्हणजे उत्तर अॅप्लिकेशनच्या पातळीवरच्या क्लस्टरिंगकडे जातं, आणि त्या क्लस्टरमधल्या व्हीएम एकाच होस्टवर येऊ नयेत यासाठी अँटी-अॅफिनिटीचा नियम लागतो.

अंतराचं गणित न करणं

मला स्वतःला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो, आणि मुंबईच्या शेअर बाजाराशी संबंध येणाऱ्या आयटी माणसाला तो रोजच्या कामातूनच समजू शकतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. स्विच, राउटर आणि केबलचे वळसे यांचा वेळ वेगळा. व्हीसॅनच्या (होस्टच्याच डिस्क जोडून बनलेल्या स्टोरेजच्या) स्ट्रेच्ड क्लस्टरला, म्हणजे दोन साइटमध्ये विभागलेल्या क्लस्टरला, त्या दोन डेटा साइटमध्ये जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदांच्या आत काम भागावं लागतं. हिशेब करा: केबल अगदी सरळ रेषेत टाकली असं धरलं तरी ५०० किलोमीटरवर ही मर्यादा संपते.

आता सेबीचा नियम बघा. स्टॉक एक्स्चेंज, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, डिपॉझिटरी यांची डिझास्टर रिकव्हरी साइट वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावी, आणि ते जमत नसेल तर मुख्य साइटपासून किमान ५०० किलोमीटर दूर असावी. शिवाय डेटा अजिबात गमावू नये म्हणून एक नियर साइटही हवी. तीन साइट का, हे आता कळतं. एवढ्या अंतरावरच्या साइटवर सिंक्रोनस रेप्लिकेशन केलं तर प्रत्येक राइट त्या फेरीची वाट बघत थांबेल. म्हणून शून्य डेटा लॉस जवळच्या साइटने सांभाळायचा, आणि मोठ्या आपत्तीसाठी दूरच्या साइटवर असिंक्रोनस (थोडी मागून येणारी) प्रत ठेवायची.

परीक्षेतल्या प्रश्नात शहरं वेगळी असतील, पण सापळा हाच असतो. मुंबई आणि हैदराबाद सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या पुढे. तिथे आरपीओ शून्य आणि स्ट्रेच्ड क्लस्टर असा पर्याय दिसला की तो लगेच खोडा. मुंबई-पुणे असेल तर अंतर आड येत नाही. मात्र विटनेस, म्हणजे कोणती साइट चालू धरायची हे ठरवणारं तिसरं मत, कुठे ठेवणार हा प्रश्न उरतोच, आणि तो तिसऱ्याच जागी हवा. त्याला दुरून चालतं: लहान क्लस्टरसाठी २०० मिलिसेकंदांपर्यंत. विटनेस दोनपैकी एका डेटा साइटवर ठेवला तर ती साइट गेल्यावर एक साइट आणि विटनेस अशी दोन मतं एकदम जातात, आणि उरलेली साइट धडधाकट असूनही तिच्याकडे बहुमत राहत नाही.

याच विषयातला आणखी एक बारकावा वारंवार निसटतो. स्ट्रेच्ड क्लस्टरमध्ये व्हीएम आपापल्या साइटवर राहाव्यात म्हणून व्हीएम-होस्ट नियम लावतात. तो नियम "मस्ट" लावला तर एचएसुद्धा तो मोडत नाही. साइट पडली की तिथल्या व्हीएम दुसऱ्या साइटवर सुरूच होणार नाहीत, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला तो हेतूच गेला. इथे "शुड" हवा. उलट डेटाबेसचा परवाना ठरावीक होस्टपुरताच घेतला असेल तर "मस्ट"च लागतो. ऑरॅकलसारख्या उत्पादनांसाठी पुष्कळ जण त्याहीपुढे जाऊन वेगळा क्लस्टर करतात. नियम एकच, ग्राहकाचं वाक्य बदललं की उत्तर बदललं. आणि वरच्या विमा कंपनीकडे डीआरएस नसल्याने तिला हे नियम लावताच येत नाहीत, हेही लगेच सुचायला हवं.

हिशेब अंदाजाने करणं

३०० व्हीएम, सरासरी ८ जीबी मेमरी, वर्षाला २० टक्के वाढ, तीन वर्षांचं नियोजन. घाईत बरेच जण २० गुणिले ३ करून ६० टक्के धरतात. वाढ चक्रवाढीने होते: १.२ चा घन म्हणजे १.७२८. सुरुवातीचे २,४०० जीबी तीन वर्षांनी सुमारे ४,१४७ जीबी होतात. होस्टमागे ५१२ जीबी आणि ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही असं ठरलं असेल तर वापरता येतात ४०९.६ जीबी. भागाकार येतो १०.१, म्हणून ११ होस्ट, आणि एन प्लस वनसाठी (एक होस्ट पडला तरी भागावं म्हणून) बारावा. साठ टक्क्यांच्या हिशेबाने तुम्ही ११ वर थांबला असता. पर्यायांमध्ये ११ आणि १२ दोन्ही आकडे असतात, हे सांगायला नको. शिवाय "मेंटेनन्स चालू असतानाही एक होस्ट पडला तर चालला पाहिजे" असं वाक्य असेल तर तेरा लागतील.

स्टोरेजचंही तसंच. १०,००० आयओपीएस (सेकंदाला होणारे रीड-राइट), त्यात ७० टक्के रीड. रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर ठेवण्याची पद्धत. रेड १० मध्ये एका राइटचे दोन होतात, रेड ५ मध्ये चार, रेड ६ मध्ये सहा. म्हणजे डिस्कवर पडणारा भार अनुक्रमे १३,०००, १९,००० आणि २५,०००. हे आकडे तोंडी काढण्याइतका सराव करा. पेपरात पाच-सहा मिनिटं वाचतात आणि ती हकिगत दुसऱ्यांदा वाचायला कामी येतात.

जुन्या नोट्सवर विसंबणं

मित्राने दिलेली फाइल उघडा आणि त्यात एक्स्टर्नल प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस कंट्रोलर किंवा विंडोजवरचं व्हीसेंटर (होस्ट सांभाळणारा मध्यवर्ती सर्व्हर) दिसलं तर ती बाजूला ठेवा. व्हीस्फिअर ७ पासून, म्हणजे २०२० पासून, दोन्ही गेले. एसडी कार्डवरून ईएसएक्सआय बूट करण्याची जुनी काटकसरही आता शिफारशीत बसत नाही. टिकाऊ लोकल डिस्क किंवा एम.२ घ्या. व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर परवान्यांची रचना आणि सर्टिफिकेशनच्या शाखा बदलल्या. त्यामुळे फी भरण्याआधी ब्रॉडकॉमच्या पोर्टलवरचा त्या परीक्षेचा चालू गाइड उतरवून घ्या आणि त्यातले ऑब्जेक्टिव्ह हीच तुमची अनुक्रमणिका माना.

डंपबद्दल (परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नसंचांबद्दल) थोडक्यात: वापरू नका. नियम मोडतो, पकडलं गेलं तर सर्टिफिकेशन जातं, आणि डिझाइनच्या प्रश्नांत त्यातली कितीतरी उत्तरं सरळ चुकीची असतात, कारण ती लिहिणाऱ्यानेही हकिगत नीट वाचलेली नसते.

फक्त लॅब करत बसणं

लॅब हवीच. पण डिझाइनच्या तयारीत तिचा वाटा लहान ठेवा. लॅब "कसं करायचं" शिकवते, आणि इथे विचारतात "का". त्यासाठी आपल्याच ऑफिसातला एखादा क्लस्टर घ्या आणि त्याचं उलटं डिझाइन करा. प्रत्येक सेटिंगसमोर तीन रकाने: निर्णय, त्याचं समर्थन, त्याचा परिणाम. उदाहरणार्थ, होस्ट आयसोलेशन रिस्पॉन्स (होस्ट नेटवर्कपासून तुटला तर त्याच्या व्हीएमचं काय करायचं) "पॉवर ऑफ अँड रीस्टार्ट" ठेवलाय. का? स्टोरेज एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेलं, आहे आणि मॅनेजमेंटच्याच स्विचमधून जातं. होस्ट एकटा पडला तर त्याचं स्टोरेजही गेलेलंच असतं, मग व्हीएम तिथे चालू ठेवण्यात अर्थ नाही. परिणाम? मॅनेजमेंट नेटवर्क एकट्याने गेलं आणि स्टोरेज शाबूत राहिलं, तर चालत्या व्हीएम विनाकारण बंद पडतील. फायबर चॅनेल, म्हणजे स्टोरेजचं वेगळं नेटवर्क, असतं तर हाच निर्णय उलटा झाला असता. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता येत नसेल तर तो निर्णय तुम्हाला अजून कळलेला नाही.

शक्य असेल तर हे कागद सहकाऱ्याला दाखवा आणि त्याला ग्राहक होऊन प्रश्न विचारायला सांगा. पुढे व्हीसीडीएक्सचा, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेशनचा, विचार असेल तर पॅनेलसमोर नेमकं हेच करावं लागतं.

नापास झाल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात करणं

व्हीएमवेअरच्या परीक्षांचा स्कोअर १०० ते ५०० या मापावर देतात आणि ३०० ला पास. हे स्केल केलेले गुण आहेत, त्यामुळे ३०० म्हणजे ६० टक्के उत्तरं बरोबर असा अर्थ काढू नका. २८० आले तर "दोनच प्रश्नांनी गेलं" असा हिशेबही करू नका, तो करता येत नाही.

निकालासोबत कोणत्या ऑब्जेक्टिव्हमध्ये कमी पडलात त्याची यादी मिळते. ती यादी विखुरलेली असेल, म्हणजे स्टोरेज, नेटवर्क, रिकव्हरी सगळीकडचं थोडं थोडं असेल, तर विषय कच्चे नाहीत, वाचन कच्चं आहे; हकिगतींचा सराव वाढवा. यादी एकाच भागात एकवटली असेल, समजा रिकव्हरेबिलिटीत, तर तो भाग खरोखर वाचायचा राहिलाय. परीक्षा केंद्रातून बाहेर पडल्यावर कोणत्या प्रकारच्या निर्णयापाशी अडलात ते त्याच दिवशी स्वतःसाठी टिपून ठेवा. प्रश्न कुणाला सांगू नका, तसा करारच असतो. पुढची तारीख घेण्याआधी त्या प्रत्येक निर्णयाचे तीन रकाने भरा.