बाळाच्या आंघोळीची रडारड कशी थांबली (माझा अनुभव)

आमची लेक दीड महिन्याची होईपर्यंत आंघोळ म्हटलं की नुसता आकांत, शेजारच्या काकू दार वाजवून विचारायच्या काय झालं म्हणून. मालिशवाल्या मावशी पायांवर घेऊन कढत पाणी ओतायच्या, "कढत पाण्यानेच अंग धरतं गं" म्हणत, आणि पोरगी लालबुंद. शेवटी एक दिवस मी बादलीत थर्मामीटर बुडवला तर ४१! बाळाला ३७-३८ अंश पुरे असतं. मग मावशींना न दुखवता (तशा चांगल्या आहेत हो त्या) बादली मीच भरायला लागले, आधी गार, मग गिझरचं, तळापर्यंत ढवळायचं आणि कोपर बुडवून बघायचं, बोटांना कळत नाही, त्यांना गरम भांड्यांची सवय. नळ बंद झाल्याशिवाय बाळाला आणायचंच नाही.

दुसरं म्हणजे आजीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा अंगाला गुंडाळूनच घेतलं, एकेक हातपाय बाहेर काढून धुतला, तर चक्क गप्प! डोकं सगळ्यात शेवटी. टॉवेल, लंगोट आधीच हाताशी, मध्ये उठायचं नाही, फोन वाजतोय तर वाजू दे. धुरी मात्र बंदच केली, सासूबाई अजून कुरकुरतात.