आवाज हवा तिथेच वाजावा यासाठी

एचडीएमआय केबलने नवा मॉनिटर जोडला की संगणकाचा आवाज गायब होतो, हा अनुभव अनेकांना येतो. प्रत्यक्षात आवाज बंद झालेला नसतो. त्या केबलमधून चित्राबरोबर ध्वनीही जात असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम मॉनिटरलाही ध्वनीचे साधन समजते आणि त्याला स्पीकर असोत वा नसोत, पुष्कळदा आवाज तिकडे वळवते. हेडफोन जोडणाऱ्याला आवाज तिथेच हवा असतो, पण मॉनिटर चित्रासाठी जोडलेला असतो. हा फरक सिस्टिमने ओळखावा आणि वापरकर्त्याने एकदा स्वतः केलेली निवड नव्या साधनाच्या आगमनाने बदलू नये, अशी अपेक्षा रास्त आहे. तूर्त मात्र हे आपल्यालाच ठरवून द्यावे लागते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्यातील साउंड हा विभाग उघडावा. तेथे सर्व ध्वनी-साधनांच्या यादीत जाऊन, ज्या मॉनिटरमधून कधीच आवाज ऐकायचा नाही त्याला ‘डोन्ट अलाऊ’ करावे. ही एकच कृती निम्मा त्रास संपवते, कारण बंद केलेल्या साधनाकडे आवाज वळण्याचा प्रश्नच उरत नाही. याच विभागातील व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळे साधन नेमता येते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली. संगीत स्पीकरवर आणि बैठक हेडसेटवर, अशी वाटणी तेथे करावी. रोजच्या अदलाबदलीसाठी अद्ययावत विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबल्यास साधनांची यादी लगेच समोर येते.

ब्लूटूथ हेडसेटची अडचण वेगळी आहे. संगीत ऐकण्यासाठीची ए२डीपी ही पद्धत उत्तम स्टिरिओ देते, पण आवाज एकाच दिशेने पाठवते. बैठकीत हेडसेटचा माइक सुरू होताच जोडणी हँड्स-फ्री पद्धतीवर जाते आणि एकदम जुन्या टेलिफोनसारखे ऐकू येऊ लागते. हेडसेट बिघडला असे समजून तो बदलण्यापूर्वी बैठकीच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडून पाहावा. बहुतेक वेळा हेडसेटवरील आवाज पूर्ववत होतो. हा बदल आपोआप होत असताना पडद्यावर एका ओळीची सूचनाही दिसू नये, हे मला अनाकलनीय वाटते.

मॅकवर ऑप्शन कळ दाबून मेनूबारमधील ध्वनीच्या चिन्हावर क्लिक केल्यास आउटपुटबरोबर इनपुटही बदलता येते. सूचनांचे आवाज कोठून यावेत हे साउंड सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे ठरवता येते, त्यामुळे सादरीकरणात सभागृहाच्या स्पीकरवर टिंगटिंग होत नाही.

लिनक्सवर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हे छोटे ॲप बसवून घ्यावे. त्याच्या प्लेबॅक विभागात चालू असलेला प्रवाह, गाणे न थांबवता, दुसऱ्या साधनाकडे हलवता येतो. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारात ३४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पाइपवायर मूळ ध्वनी-यंत्रणा झाली असली तरी हे ॲप तिच्यावरही चालते.

एक खबरदारी मात्र तिन्हीकडे घ्यावी. फोनवर हेडफोन काढताच बहुतेक ॲप गाणे थांबवतात, पण संगणकावर तेच गाणे बऱ्याचदा स्पीकरवर मोठ्याने सुरू होते. विंडोज प्रत्येक साधनाची आवाजाची पातळी वेगळी लक्षात ठेवते, म्हणून कार्यालयात हेडफोन लावण्यापूर्वीच लॅपटॉपचे स्पीकर शून्यावर आणून ठेवावेत.