देवळाच्या ट्रस्टला सरकारी नोटीस आली तर काय करायचं

पहिलं म्हणजे घाबरू नका आणि लगेच "आमच्या धर्मात ढवळाढवळ" असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू पण नका, आधी नोटीस नीट वाचा, नेमकं काय मागितलंय ते बघा. हिशोब, ऑडिट, चेंज रिपोर्ट (विश्वस्त किंवा मालमत्तेत झालेल्या बदलाची माहिती) मागितला असेल तर गुपचूप द्या, कारण राज्यघटनेच्या कलम २६ (ड) मध्ये मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच करायचा असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या देवळात दानपेटी उघडताना दोन विश्वस्त आणि एक गावकरी बसतो, चिल्लरसकट वहीत लिहून तिघांच्या सह्या, त्यामुळे अर्धी कटकट तिथेच संपते.

पण काकडआरती किती वाजता, नैवेद्य कसला, पूजा कशी, यात कोणी शिरलं तर ते कलम २६ (ब), म्हणजे धार्मिक बाबी आपल्या आपण चालवायचा हक्क, तिथे सरकारला थांबावं लागतं, फक्त सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सोडून. १९५४ चा रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य हा निकाल काढून ठेवाच, सुप्रीम कोर्टाने धर्मादाय आयुक्तालाच (ट्रस्टवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त नेमायची तरतूद तिथे उडवली, ट्रस्टकडून घ्यायची वर्गणी मात्र फी म्हणून कायम ठेवली.

उत्तर लेखीच द्या, मुदतीत, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. तरी पूजेतच हात घातला तर वकील गाठून कलम २२६ खाली हायकोर्ट, पण दानाचा हिशोब कच्चा ठेवून तिथे जाऊ नका बाबा.